‘इट्स ओके’ कधी म्हणायचं

पुणे
ता. ३ नोव्हेंबर

चि. रवीस,
सप्रेम जयभीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या खामगावच्या स्पोकन इंग्लिश क्लासची जाहिरात आमच्या ऑफिसपर्यंत पोचली. जेवणाच्या सुट्टीत एकीनं रील दाखवली आणि सगळ्या हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. रीलमध्ये आपली आई. गावातल्या अन्वरभाईंच्या दुकानात पदर सावरत ‘हाऊ मच’ विचारते. शेजारच्या गीताबाई चहा देतात, तर ‘नो शुगर प्लीज’ म्हणते. दर वाक्यामागे तू हसण्याचा आवाज जोडला आहेस. ती माझी आई आहे, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

अरे, तिचं चुकलं काय? तिला शुगर आहे, तिनं साखर नको म्हटलं. दुकानात भाव विचारला. एक शब्द अस्थानी नाही. मग लोक हसतात कशाला, तिच्या लुगड्याला? संबोधीच्या वाढदिवसाला पुण्याला यायचं, नातीशी तिच्या भाषेत बोलायचं, म्हणून ती या वयात शिकते आहे. तिला कळायच्या आत रील काढ. ही विनंती नाही.

रागावलेली असले तरी तुझीच,
महामायाताई

खामगाव
ता. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मुद्द्याचं राहून जातं, म्हणून मीही पत्रच लिहितो. रील काढणार नाही. तिच्यामुळे क्लासमध्ये बसायला जागा उरलेली नाही. मी पुण्यात नोकरी करत नाही, मला माझंच पोट भरायचं आहे.

आणि आई खुश आहे. हसण्याचा आवाज ऐकून तिनं विचारलंच, की लोक काऊन हसून राह्यले. मी सांगितलं, तुझं बोलणं आवडलं म्हणून. तेव्हापासून मी गावी गेलो, की सकाळीच वेणीफणी करून तीच मागे लागते, की आज कोणतं बोलू.

तिला हा नाद लावला कोणी? संबोधीला मराठी जड जातं, हे कौतुकानं तूच सांगितलंस ना? त्या दिवसापासून आई पाटी-पेन्सिल घेऊन बसली. तेव्हा ऑफिसात गप्प बसलीस, तशीच घरातही बस.

भाचीला पापा. लोभ आहेच, वाढवायची सक्ती नाही.

आपला,
रवी

पिंपळगाव राजा
ता. २१ नोव्हेंबर

चि. महामायाले,
जयभीम अन् आईचे आशीर्वाद.

रवीनं देलेला मोबाईल मी त्याले वापस देला, म्हणून कागद लिहून राह्यली. बाजारच्या दिवशी बांगड्या भराले बसली, त बांगड्यावाल्या नूरजहांच्या पोरीनं मले पाहून पदर सावरला अन् ‘हाऊ मच’ केलं. सारे हासले. मंग शेजारच्या कडूबानं त्याच्या मोबाईलवर सारं दाखवलं. खाली लोकाईनं काय काय लिहिलं, ते बी वाचून दाखवलं. मले वाटे, लोक खुश होऊन हासतेत. मीच रवीले म्हणत होती, का अजून एक काढ.

परवा रवी घरी आला. माह्या पायाजवळ बसला अन् सॉरी म्हणाला. डोळ्यात पाणी होतं त्याच्या. मले भरून आलं, पोटचं पोरगं हाये. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवाले गेली, तवा दिसलं, पिठाच्या डब्याले त्यानं आपला मोबाईल टेकवून ठेवला होता. चालू होता.

सॉरी म्हटल्यावर इट्स ओके म्हणा लागते, हे त्यानंच मले पहिल्या दिवशी शिकवलं. मले येत होतं. तो वाट पाहून राह्यला होता. मी म्हटलं नाही. उठली, मोबाईल बाजूले ठेवला, डब्यातलं पीठ काढलं अन् भाकरी थापाले बसली. तो जेवला नाही, तसाच गेला.

तू ऑफिसात चूप राह्यली, हे बी त्यानं जाता जाता सांगतलं. बरं केलं तू. आता मी बी चूप.

वाढदिवसाले येत नाही. तुह्या ऑफिसातल्या मैत्रिणी येतीन, त्याईनं मले पाह्यलेलं हाये. लोभ कमी करू नको, बाई. अन् संबोधीले सांगजो, आजीले इंग्रजी येते. बोलत नाही.

तुही आई,
भिमाबाई