निडीच्या शेतावरची बांगडी

बाबा, निडीचं शेत तुम्ही माळ फोडून केलंत, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. रोह्याला सासरीही मी ते तोऱ्यात सांगत असे. हे गेल्यावर दुपारी करमेना, म्हणून पुस्तकावरून मोडी शिकले. मागच्या महिन्यात पेणला गेले. तिथल्या एका वाचनालयात गावोगावची जुनी खरेदीखतं, बक्षीसपत्रं जपून ठेवली आहेत. नातवंडांसाठी घराण्याची हकीकत लिहावी, एवढंच मनात होतं.

निडीच्या शेताचा कागद निघाला. लिहून देणार तुमची बहीण, लिहून घेणार तुम्ही. नवऱ्यामागे तिच्याकडे आलेली जमीन भावाला दिली. भावाने तिला जन्मभर अन्नवस्त्र द्यावं. सही न येणारा कुणबी तेव्हा नांगराची निशाणी करायचा, बाई बांगडीची. तशी खाली बांगडी आहे. आत्याच्या हातात तर तेव्हा एकही नव्हती. लिहिणाऱ्यानेच ती काढली असेल, आत्याने टाकाला नुसता हात लावला असेल.

तेव्हापासून मला आपलं स्वैपाकघर दिसतं आहे. आत्या चुलीपुढून उठून शेवटी जेवायला बसली आहे, शेजारी तिची मुलगी आणि मी. ती पुन्हा आमटी वाढून घेते.

"बसून खाणाऱ्यांना दोनदा आमटी लागते व्हय?" तुम्ही म्हणता.

"बसून कुठं रे दादा? सकाळपासून कंबर सरळ झाली नाय."

आई हसते, मीही हसते. तुम्ही हात धुवायला उठता. कोण कुणाचं खात होतं, हे त्या घरात तुम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि ती कधी बोलली नाही.

आता माझा भाऊ ते शेत विकतो आहे. आत्याची मुलगी खांब गावात भाड्याच्या खोलीत राहते. परवा तिचा फोन आला. "गो, पेणला गेलीवतीस ना? माझ्या आयचं नाव कुठं दिसलं काय?"

"नाय गो," मी म्हणाले. "बायांची नावं कुठली असायला त्यात?"

"ता पण खरां," म्हणाली, आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करत बसली.

मला तुमची लाज वाटते, हे लिहायला बसले होते. पत्र तुम्हाला पोचायचं नाही. ते खांबला जायला हवं, पण तिथेही मी पाठवणार नाही बहुतेक. शेताच्या पैशातला माझा वाटा भावाने वेगळा काढायचं कबूल केलं आहे, आणि नको असं मी त्याला अजून म्हटलेलं नाही.