निळ्या पिंपाचं झाकण

प्रिय ढमे,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, समजून घे. दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही. आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, रागच तेवढा होता, आणि आज लिहितेय ती एका पिंपापायी! हो, तेच. तुझं निळं पिंप.

ते भांडण मला शब्द न् शब्द आठवतं. कॉफी संशोधन केंद्रातलं प्रशिक्षण करून तू आलीस ती नवं खूळ डोक्यात घेऊनच. कॉफीची पिकलेली फळं सालासकट पिंपात भरायची, हवा जाऊ द्यायची नाही, आतल्या आत आंबू द्यायची आणि मग वाळवायची. बाबांनी तीस वर्षं फळं तोडल्या दिवशीच सोललेली. "माझ्या फळांचं लोणचं घालायचं नाही," म्हणाले. तू म्हणालीस, तुम्हाला नवीन काही कळतच नाही. मग ते जे बोलले ते त्यांनी बोलायला नको होतं. "ज्यांना कळतं त्यांनी दुसरं घर बघावं." आणि तू खरंच बघितलंस की गं! दुसऱ्या दिवशी उठले तर तुझा बिछाना रिकामा, बॅग गायब, आणि अंगणात शेवटच्या तोडणीच्या फळांनी गच्च भरलेलं पिंप, झाकण घट्ट लावलेलं. जाता जाताही आपलंच खरं केलंस.

मग पिंपाकडे कोण बघतंय? आईचा रक्तदाब वाढला, माझी दवाखान्यात ये-जा, आणि बाबा पायरीवर बसून. पाचव्या दिवशी दुपारी बाराला झाकण फुगलेलं दिसलं म्हणून मी ते उघडलं. काय वास आला म्हणून सांगू! अतिपिकल्या अननसाचा, वर थोडा दारूचा. बाबा म्हणाले, "फेकून दे ते." तुला माहितीये, मी त्यांचा शब्द कधी मोडत नाही, त्यावरून तू मला किती चिडवायचीस. पण ती तू भरलेली फळं होती, फेकवेनात. गच्चीवर जाळी अंथरून वाळत घातली, महिनाभर हाताने हलवली. बाबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मागच्या आठवड्यात केंद्राने नमुने मागवले, तेव्हा आपल्या नेहमीच्या कॉफीबरोबर तीही गुपचूप देऊन टाकली.

आज तिथे चाखणी होती, आम्ही तिघंही गेलो होतो. आपल्यासारखे दोन-दोन एकरवाले पंचवीसेक जण, लांब टेबल, नंबर घातलेले कप. कुठला कप कोणाचा हे फक्त यादीत. चाखणाऱ्या बाई चमच्याने असा सुर्रकन घोट ओढतात की आईला हसू आवरेना. सात नंबरशी बाई थबकल्या. पुढे गेल्या, परत आल्या, पुन्हा पुढे गेल्या, पुन्हा परत. आपली कॉफी दरवर्षी शंभरापैकी अठ्ठ्याहत्तर गुणांवर अडते ना? सात नंबरला एकोणनव्वद! यादी बघून त्यांनी बाबांना हाक मारली तेव्हा मला वाटलं, यांची काहीतरी गफलत झाली. पण सात नंबर म्हणजे तुझ्याच पिंपातली कॉफी! बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाई म्हणाल्या, एका व्यापाऱ्याला पुढच्या हंगामात अशीच दहा पिंपं हवी आहेत, पण फळं किती तास बंद होती ते नेमकं सांगा, चार-सहा तासांचा फरक पडला तरी चव बिघडते. उघडल्याची वेळ मी सांगितली. आणि बंद केल्याची? तेव्हा बाबा उठून उभे राहिले. "ते मला माहीत नाही. झाकण माझ्या धाकट्या मुलीने लावलं होतं. तिलाच विचारावं लागेल." भरल्या खोलीत, ढमे! आठ महिने या घरात तुझा विषय काढायची सोय नव्हती. परत येताना बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत मला म्हणाले, "तिला लिही. झाकण किती वाजता लावलं, विचार."

म्हणून घरी आल्या आल्या बसले लिहायला. तारीख नीट आठवेना, म्हणून बाबांची हंगामाची वही काढली. रोजची फळं कधी भिजवली, कधी उन्हात घातली, सगळं ते त्यात लिहितात. तू गेलीस त्या दिवसाच्या पानावर त्यांच्याच अक्षरात एकच ओळ आहे: "निळं पिंप. झाकण, पहाटे ५.४०."

मी ती ओळ चारदा वाचली. म्हणजे ते जागे होते गं. त्यांनी झाकणाचा आवाज ऐकला, घड्याळ बघितलं, मागोमाग फाटकही वाजलं असणार, आणि ते उठले नाहीत. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं की सांगता येत नाही. आणि आज तोच माणूस, ज्याला मी आयुष्यात खोटं बोलताना पाहिलं नाही, पंचवीस जणांसमोर धडधडीत खोटं बोलला. वही मी होती तशी ठेवून दिली. त्यांना काही विचारलं नाही, तूही कळू देऊ नकोस. पुढची तोडणी महिन्यावर आली आहे. झाकण किती वाजता लावलंस ते इथे येऊन, त्यांच्यासमोर उभी राहून सांग. पत्राने कळवलंस, तर मी ते त्यांना न दाखवताच फाडून टाकीन.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
ताई