एकदा उघडलेलं इंजिन

४ मार्च
गाडी घरी आली. कारखान्यातच इंजिनात धातूचे कण राहिले म्हणून कंपनीने रिकॉल काढून गाड्या परत बोलावल्या होत्या. इंजिन उघडलं, बेअरिंग बदललं, मिटलं. सर्व्हिस सेंटरचा गळ्यात टाय लावलेला माणूस, टायवालाच म्हणू, म्हणाला, आता वर्षानुवर्षं बिनधास्त चालवा. ज्यांनी कचरा ठेवला, तेच बिनधास्त म्हणणार! मी खोचक हसलो. त्याला लागलं नाही. तो फोनवर होता.
एकदा उघडलेलं इंजिन म्हणजे फोडलेला बिस्किटांचा पुडा. सादळणारच.
संकल्प : तीस तारखेला लेकीला नोकरीच्या गावी याच गाडीने सोडायचं. मीच. तोवर इंजिन डोळ्यांत तेल घालून जपायचं.

५ मार्च
पद्धत ठरली. रोज सकाळी गाडी जागेवरच सुरू करायची. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला. ऐकायचं, बंद करायची, लगेच ऑइल मोजायची पट्टी ओढून बघायची. रस्त्यावर न्यायची नाही. वापरलंच नाही तर इंजिन झिजेल कसं? कंपनीच्या इंजिनिअरांना एवढंही सुचत नाही.
हिने विचारलं, मग बाजारहाट? म्हटलं, बस आहे. ही पिशवी घेऊन निघाली. पटलेलं दिसतंय.

९ मार्च
ऑइल कमी! वाटलंच होतं. डबा आणून ओतलं. टायवाल्याला फोनवर झापलं. तो म्हणे, इंजिन बंद केल्यावर जरा थांबा, ऑइल खाली उतरू द्या, मग मोजा. म्हणजे पुरावा बुजू द्या! मी काय दुधखुळा आहे?

१२ मार्च
मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, येऊन गेला. त्याची गाडी हीच, रिकॉल हाच. नुकताच डोंगर ओलांडून फिरून आला म्हणे, काही त्रास नाही. कसा कळेल? गाडीत अखंड गाणी! भाचीला मी सोडू का, असंही विचारलं. वर ही त्याला म्हणाली, बघू. घरभेदीपणा.

१७ मार्च
ऑइल पुन्हा कमी. पुन्हा ओतलं. माझ्याइतकी देखभाल कोणी करत नसेल.
लेक म्हणाली, बाबा, जायच्या आधी एक चक्कर मारू या ना, आपण दोघंच. म्हटलं, तीस तारखेला मारूच की, भली मोठी. बरं म्हणाली आणि आत गेली. चेहरा उतरला होता. नोकरीचं टेन्शन असणार.

२४ मार्च
निळा धूर! पकडलं शेवटी! आनंदाने हिला हाक मारली. ही खोकत आली, खोकत गेली. वरच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या धाडधाड लावल्या. त्यांना दूरदृष्टी नाही.
सर्व्हिस सेंटरला नेणार नाही. परत उघडतील. आणखी थोडं ऑइल घातलं.

३० मार्च, सकाळ
सामान चढलं. लेक पुढे, माझ्या शेजारी. गल्लीच्या तोंडाशी धूर, आचका, बंद. खाली ऑइलचं थारोळं. टायवाला स्वतः गाडी ओढून न्यायला आला. त्याने पट्टी काढली. ऑइल गळ्याशी आलंय, सील फुटलेत, एवढं ओतलं कोणी, असं विचारलं. हिने हनुवटीने मला दाखवलं. रिकॉलच्या कामात काही खोट नाही म्हणाला. असं म्हणायचाच त्यांना पगार मिळतो.
 लेकीने मामाला फोन लावला.

३१ मार्च
काल मेहुण्याच्या गाडीत मागे बसलो. लेकीचं अंथरूण-पांघरूण माझ्याच बाजूला कोंबलेलं. ठरवलं होतं, वाटभर कान लावून याच्या इंजिनाची खोट काढायची. मुद्दाम गाणी बंद करायला लावली. आवाज म्हणून येईना. डोळा लागला.
जाग आली तेव्हा परतीचा रस्ता होता. पुढची सीट रिकामी. लेकीला हॉस्टेलवर उतरवून, सामान लावूनसुद्धा झालं होतं. ही म्हणाली, तिनेच उठवू दिलं नाही. म्हणाली, महिनाभर गाडीपायी बाबांची झोप झाली नाहीये.
मला तिला खोलीपर्यंत सोडायचं होतं. फार वाईट वाटलं. मेहुण्याला तसं सांगणार नाही.
तिची उशी तेवढी राहिली. माझं डोकं होतं तिच्यावर.