आठव्या दिवसाची खूण

मानवत,
माघ वद्य, शके १८५८

प्रिय दादा,

तू मेलास. बोरीच्या मळ्यात, मायच्या समाधीशेजारी, तुला माती दिली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगते. घाईघाईने लिहिते आहे. अक्षर कोंबडीने पाय उमटवल्यासारखं आलं तर ग्रीक शिकलेल्या माणसाने हसू नये. आश्रुबा ओसरीवर बसला आहे. दुपारच्या आगगाडीने त्याला परभणीला तुझ्याकडे धाडते आहे. त्याची निघायची वेळ होईपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं लिहिते.

गेल्या आठवड्यात हाच आश्रुबा बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. आपला जुना गडी, कधी चेष्टेतसुद्धा खोटं बोलत नाही. म्हणाला, "आक्का, चला लवकर. धाकले मालक गेले." मी चुलीवरचं तसंच टाकून गाडीत बसले. बोरीपर्यंत नुसती रडत गेले. काय काय आठवत होतं! अप्पांच्या नकळत तू कोळशाने गोठ्याच्या भिंतीवर मला अक्षरं काढून दाखवायचास. तू उर्दू शिकलास तेव्हा अप्पा गावभर सांगत फिरले, पोरगा तहसिलात चिकटणार. तू पाद्रीसाहेबाजवळ ग्रीक शिकायला बसलास तेव्हा मात्र त्यांनी विचारलं, "ह्या ग्रीक लोकांचा तहसील कुठं हाय?" त्या रडण्यातही मला याचं हसू आलं, आणि मग आणखी रडू आलं.

मळ्यात पोचले तर माणसं जमलेली आणि प्रेत कुठेच नाही. मी वेड्यासारखी विचारत सुटले, दादा कुठाय, त्याचं तोंड तरी दाखवा. कोणीतरी खड्ड्याकडे बोट दाखवलं. आपल्यात माणसाला बसवून माती देतात ना, तसा खड्ड्यात तुझा लग्नातला फेटा बसवून ठेवला होता. फेट्याला भस्म लावलेलं, वर बेलाची पानं. विधी करायला बोलावलेले जंगम बाजूला तोंड करून उभे होते. जित्या माणसाची माती मी करणार नाही म्हणाले होते, तेव्हा पहिली मूठ अप्पांनी स्वतःच टाकली. शिवम्मावहिनीच्या हातांत बांगड्या नव्हत्या. चारठाण्याहून तिचे भाऊ आले होते. तिला माहेरी नेऊन पुढे तिचा पाट लावायचा, इथपर्यंत त्यांचं बोलणं गेलं होतं. दादा, तू जिवंत आहेस हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. पण मी त्या फेट्याकडेच बघत राहिले.

मग कळलं, सगळं तुझ्या एका कागदामुळे झालं. टपाल आलं की आपल्याकडे ओट्यावर चारचौघांत वाचून घेतात. चंद्रभान मास्तरांनी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. अक्षर तुझं, वर नाव अप्पांचं. आत एक माणूस सांगत होता की, जन्मल्यावर आठव्या दिवशी माझ्या अंगावर कुळाची खूण झाली, माझं कूळ चोख, बापाच्या धर्मात माझ्याइतका कडवा कोणी नव्हता. आणि आता ते सगळं मी केर समजतो. ती खूण मी वाहत्या पाण्यात सोडून दिली, बापाला तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही. आपल्या घरात जन्मलेल्या पोराच्या गळ्यात लिंग बांधतात. अप्पांना आणखी काय कळणार? मास्तर म्हणाले, पुन्हा वाचू का? अप्पा म्हणाले, "नगं. पोरगं गेलं माझं."

मी तो कागद हातात घेतला, वाचला, आणि भर मळ्यात खो खो हसले. लोकांना वाटलं, बहीण भ्रमिष्ट झाली. मी त्यांना सगळं समजावलं. पाद्रीसाहेबाला त्यांच्या धर्माचं छापील जुनं पुस्तक पसंत नाही, आपल्या मुलखातल्या बायामाणसांना त्याची पुणेरी भाषा समजत नाही. म्हणून तो आणि तू मिळून मुळातल्या ग्रीकवरून नव्याने लिहिता. पानं माझ्याकडे येतात. तुरीच्या शेंगा सोलायला बसलेल्या बायांना मी ती वाचून दाखवते, आणि कुठे त्या "म्हंजी काय?" म्हणाल्या ते तुला कळवते. हे पान म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाने आपल्या लोकांना लिहिलेलं पत्र. त्यात 'मी' म्हणजे तो, आमचा दादा नव्हे. आठव्या दिवसाची खूण त्या लोकांची, कसली ते मला ठाऊक नाही, पण लिंग नव्हे. दादाने घाईत मानवतऐवजी बोरीचा पत्ता घातला, एवढंच. अप्पांना पटेना. "त्यानं सोताच्या हातानं लिवलंय, नागू." तेव्हा मी माझं लिंग तळहातावर घेतलं आणि सगळ्यांसमोर शपथ वाहिली की, यातला एक शब्दही माझ्या भावाचा नाही.

अप्पा स्वतः खड्ड्यात उतरले आणि दोन्ही हातांनी माती उपसून तुझा फेटा बाहेर काढला. तो झटकता झटकता असे रडले, दादा, की माय गेली तेव्हाही तसे रडले नव्हते. त्या दिवशी ते पोटभर जेवले. जंगमांनी वहिनीला नव्या बांगड्या भरायला सांगितलं. तिचे भाऊ खजील होऊन चारठाण्याला परत गेले. दोन-चार दिवस राहून मी इकडे आले, आश्रुबानेच काल आणून सोडलं. वाटेत मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगत होते, शिकलेली पोरगी घरात असली की असा उपयोग होतो बघ.

आज सकाळी चतुराबाई आली. तुमच्या मिशनची, औषधाची पेटी आणि छापील पुस्तक घेऊन हिंडते ती. मी तिला ही सगळी मजा तिखटमीठ लावून सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "बाई, ती खूण पाण्यात कशी सोडली म्हंता? ती कातडीत कापून करत्यात. जन्मात निघत न्हाई." मी म्हटलं, पुस्तक काढ. ते पान तिला तोंडपाठ होतं, तरी आम्ही दोघींनी बोट ठेवून वाचलं. कूळ आहे, कडवेपणा आहे, केर आहे. पाणी नाही. बापाला सांगायचं धाडस नाही. मी तिला म्हटलं, ग्रीकमध्ये असेल. ती म्हणाली, छापील पुस्तकही ग्रीकवरूनच आलंय. ती उठून गेली तरी मी तिथेच बसून होते. सासूबाईंनी तीन हाका मारल्या म्हणे, मला एकही ऐकू आली नाही.

पत्ता चुकला नव्हता, होय ना दादा? तू लिंग पाण्यात सोडलंस, आणि बापाला सांगायला एका मेलेल्या परक्या माणसाच्या आड लपलास. अप्पांना ग्रीक येत नाही, मराठीही वाचता येत नाही, पण ते बरोबर समजले. आणि मी शहाणी, सगळ्या गावासमोर खोटी शपथ घेऊन बसले. तुझा इतका राग आलाय की समोर असतास तर थोबाडीत दिली असती, थोरला असलास तरी. तुझा देव तू निवड, त्यावर मी भांडणार नाही. पण वहिनीला तरी सांगायचं होतंस. तिने त्याच हातांत पुन्हा बांगड्या भरल्या.

तुला हे कळवायची एवढी घाई का, तर अप्पा आज पहाटेच बोरीहून दुसरी गाडी जुंपून परभणीला निघाले असतील. वहिनी सोबत आहे. फेटा धुऊन, घडी घालून घेतला आहे. काल मी निघताना अप्पा म्हणाले, "जित्या पोराला म्या मातीत घातलं, नागू. त्याचे पाय धरून माफी मागतो." त्यांना वाटेत गाठायला आता कोणी नाही. बैलगाडी रात्रीपर्यंत पोचेल, आश्रुबा त्याआधी पोचावा. दारात तू दिसलास की ते वाकतील. त्यांना वाकू देऊ नकोस. कुठून दुसरं लिंग आणून गळ्यात अडकवू नकोस, माझी शपथ खरी करायलाही नको. ते वाकायच्या आत सांग, आणि या खेपेला तुझ्या तोंडाने सांग. मग ते तुला पुन्हा माती देतील, कदाचित मलाही. पण दादा, तू जिवंत आहेस तोवर मी तुझ्यासाठी रडणार नाही.

तुझीच,
नागू