कुर्लीबाई अजून वाटेत आहे

अंधेरी (पश्चिम)
मंगळवार, मे महिन्याचा शेवटचा आठवडा

ती. राधाताईस,

परळच्या खोलीत दुपारची जेवणं आटोपली की आई सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसायची, ते तुला आठवतं का? तू तिच्या उजव्या मांडीशी आणि मी डाव्या. ती निवडता निवडता गोष्ट सांगायची आणि आपण दोघींनी हुंकार द्यायचा. एकीचा जरी हुंकार चुकला तरी ती थांबायची, मान वर न करता. मला तर दुसऱ्या हुंकारालाच झोप यायची. मग तू माझ्या वाटचाही द्यायचीस, तुझा जाडा आणि माझा बारीक. तांदळातला एकही टोका नजरेतून सुटू न देणारी आपली आई ते तेवढं चालवून घ्यायची. साठ वर्षं होत आली. हे मी आजच का काढलं ते शेवटी कळेल, आधी बाकीचं वाच.

तुझा गुडघा कसा आहे? कुंडलिकभावोजींची साखर आटोक्यात आहे ना, की अजून देवापुढची खडीसाखर ते औषध म्हणून खातात? इथे आम्ही सगळे बरे आहोत. पत्र अशासाठी, की फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू स्वतः रचतेस. मागच्या वेळी तू रचलेलं सगळ्या मुलुंडभर झालं होतं. तुझा देवेश साकीनाक्याच्या ऑफिसातून शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येणार आहे. त्याच्या हाती हे देते.

तर आधी कबुली. निमेश आणि कल्पिता दोघं नोकरीवर, म्हणून रुचिरा (सात) आणि सुयोग (पाच) दिवसभर आमच्याकडे असतात हे तुला माहीतच आहे. कल्पिताला वाटायचं, आजीकडे मुलं चार चांगल्या गोष्टी शिकतात. मुलं माझ्याकडे माझा फोन बघत जेवायला शिकली. घास तोंडात आणि डोळे फोनमध्ये, पंधरा मिनिटांत ताट साफ, मी खूश. आपण काय खातोय याचा दोघांना पत्ता नसे. एकदा गंमत म्हणून मी कारल्याची भाजी भरवून पाहिली. दोघांनी एका शब्दाने न कुरकुरता खाल्ली, आणि ताई, मला आनंद व्हायच्या ऐवजी भीती वाटली. (तरी दुसऱ्या दिवशी फोन दिलाच. खोटं कशाला सांगू.)

एप्रिलमध्ये सुयोगला चष्मा लागला आणि सगळं उघडकीला आलं. कल्पिता भांडली नाही. ती भांडत नाही, तोच तर त्रास आहे. ती म्हणाली, "आई, तुमच्यावर पण किती लोड येतो ना, जूनपासून मुलांना शाळेतून थेट त्या अॅक्टिव्हिटी सेंटरमध्ये पाठवू या, सातपर्यंत सांभाळतात." आमच्या कॉन्व्हेंटच्या नन्स मला शाळेच्या गाण्याच्या कॉयरमधून काढताना हुबेहूब याच आवाजात बोलल्या होत्या. फॉर्म आणलेलाही होता. तो त्यांच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला, एकतीस मेच्या आत भरायचा. म्हणजे जूनपासून मुलं माझ्याकडे रविवारी दोन तास, पाहुण्यांसारखी.

मी सुट्टीचा महिना मागून घेतला. महिनाभरात मुलं फोनशिवाय जेवू लागली तर फॉर्म भरायचा नाही. निमेश हसला. म्हणाला, "आई, तू स्वतः सिरियल लावल्याशिवाय वरणभात कालवत नाहीस, तू काय यांचा फोन सोडवणार." पोटचा मुलगा, काय बोलणार.

कल्पिता मात्र न्यायाची. तिने एक स्पीकर आणून दिला, आपल्या हिंगाच्या डब्याएवढा, आणि माझ्या फोनमध्ये लहान मुलांच्या गोष्टींचं अॅप घातलं. पडद्याकडे न बघता घरातल्या सगळ्यांनी मिळून नुसतं ऐकायचं. पहिल्या दिवशी इंग्रजी पॉडकास्ट लावला, डायनासोरांचा. उच्चार सुरेख (तुला हसू येईल, पण उच्चार चांगले असले की मला अजून सरळ बसावंसं वाटतं). चार मिनिटांनी सुयोगने स्पीकर उलटा करून पाहिला, चित्र कुठे आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी मराठी ऑडिओबुक लावलं. वाचणाऱ्या बाईंचा आवाज इतका मऊ, की पाणीखात्यातून निवृत्त झालेले आमचे हे, श्यामसुंदर, आमटीच्या वाटीकडे हळूहळू झुकत गेले आणि रुचिराने त्यांचं कपाळ हाताने अडवून त्यांना वाचवलं. तिसऱ्या दिवशी कंटाळा नको म्हणून निमेशने गोष्ट दुप्पट वेगाने लावून ठेवली. पापड भाजून होईपर्यंत राजाचं लग्न झालं, वनवास झाला आणि राजा वारलासुद्धा. मुलांना ते फार आवडलं, पण त्याला ऐकणं म्हणत नाहीत.

चौथ्या दिवशी मुलं उठून गेली तरी डबा आपला बोलतच होता. मी एकटी समोर बसले होते, आणि तेव्हा मला कळलं. समोर माणूस आहे की नाही, जागं आहे की झोपलंय, त्या डब्याला काही पडलेलीच नाही. त्याला हुंकार नको. मग मुलांनी तरी त्याची फिकीर का करावी? म्हटलं, गोष्ट मीच सांगणार, आईची, त्या खेकडिणीची, कुर्लीबाईची. (समोर बसून तोंडी का नाही? कारण एका हाताने पोळ्या आणि दुसऱ्या हाताने सुयोग अशी माझी दुपार असते. शिवाय स्पीकरवर आजी ऐकू आली की त्यांना आजीची किंमत वाटते.)

गोष्ट तुला आठवत असेलच. कुर्लीबाई खाडीपलीकडे लेकीच्या बाळंतपणाला निघते, पाठीवर डिंकाच्या लाडवांचं गाठोडं घेऊन, पण तिरकी चालते म्हणून दर वेळी भलत्याच गावात पोचते. आई ते मालवणीत म्हणायची, कुर्ली चलता, चलता, चलता, आणि दर चलताला एक खडा सुपाबाहेर.

घरातली सर्वांत शांत जागा म्हणजे कपाट असं निमेशने सांगितलं. म्हणून मी पैठण्यांमध्ये डोकं घालून फोनवर बोलले, दर वाक्यानंतर हुंकाराला जागा सोडत. पहिलं रेकॉर्डिंग कुकरने खाल्लं. दुसऱ्यात कुर्लीबाई तिसऱ्या गावी पोचून दगडाखाली दडते, नेमक्या तेव्हाच वेसाव्याची आपली पार्वती कोळीण दारात येऊन ओरडली, "गो बाय, भरलेल्या कुर्ल्या हायत, घे." मी ते तसंच राहू दिलं, पुन्हा कपाटात शिरायचं त्राण नव्हतं. मग निमेशने आईला मदत म्हणून रेकॉर्डिंग 'साफ' केलं. कुठल्याशा युक्तीने मधल्या शांत जागा कापल्या, म्हणजे मुलांचे सगळे हुंकार गेले. मुलं हूं म्हणेपर्यंत कुर्ली दोन गावं पुढे. मी निमेशला बऱ्याच दिवसांनी इंग्रजीत रागावले. (इंग्रजीत रागावले की तो घाबरतो, ते तेवढं कॉन्व्हेंटचं देणं.)

जागा परत घातल्या, आणि श्यामसुंदर यांना नेमणूक दिली. स्पीकरच्या बटणावर बोट ठेवून बसायचं आणि एकाचा जरी हुंकार चुकला तरी गोष्ट बंद. छत्तीस वर्षं त्यांनी विभागाचं पाणी सोडलं आणि बंद केलं आहे, त्यामुळे त्यांना दयामाया नाही. आणि ताई, इथे मला आपल्या हुंकाराची थोरवी समजली. तोंडात घास असताना बोलू नये असं नन्सनी मला दहा वर्षं शिकवलं. पण हूं हा तोंड मिटून, घास चावता चावता देता येतो. जेवणात अडथळा न आणणारं असं दुसरं उत्तर कुठल्या भाषेत असेल तर मला कळव.

पहिल्याच दुपारी पार्वतीची हाक आली तेव्हा सुयोगचा घास हातात राहिला. "पळ, कुर्लीबाई," असं म्हणाला आणि पळायला बळ हवं म्हणून स्वतःच दोन घास खाल्ले. तेव्हापासून प्रत्येक भागात पार्वती हवीच. ती येते, कपाटात तोंड घालून ओरडते आणि मग विकायला बसते. तिची एकच तक्रार आहे, "मना राक्षसीण नको करू, धंद्यावर येतं." ते खरंच आहे. मुलांनी घरात कुर्ल्यांचं कालवण बंद करवलं आहे. मागच्या बुधवारी श्यामसुंदर यांनी हौसेने आणलेल्या सहा कुर्ल्या रिक्षाने वेसाव्याच्या किनाऱ्यावर सोडून याव्या लागल्या, कारण यातली लेकीच्या बाळंतपणाला निघालेली कुठली हे त्यांना सांगता आलं नाही. ते परत आले आणि दुधीची भाजी जेवले.

नंतर इमारतीतली मुलं आपापली ताटं घेऊन येऊ लागली. शेजारच्या मीराबेनचे दोन नातू मराठीत फक्त 'पाणी' म्हणतात, पण हूं म्हणायला मराठी कुठे लागतं? गेल्या शनिवारी कल्पिता बीकेसीहून लवकर आली. हॉलमध्ये तेरा मुलं दोन पंगतींत, तेरा ताटं, एकही फोन नाही, आणि तेरा तोंडांतून एकाच वेळी हूं. ती पर्स खांद्यावरच ठेवून दाराशी बसली. गोष्ट थांबली. श्यामसुंदर बटणावरचं बोट न हलवता म्हणाले, "सूनबाई, तुमचा आला नाही." तिने दिला हो. अगदी बारीक दिला, पण दिला.

रविवारी मी त्यांच्याकडे दूध ठेवायला गेले, तर फ्रिजवर फॉर्म होता तसाच, पण उलटा लावलेला, आणि पाठीवर कल्पिताच्या अक्षरात: तूर डाळ, पोहे, साबण, 'आईंसाठी खोकल्याच्या गोळ्या (आवाज)'. मी तो दोनदा वाचला. पन्नास वर्षांनी मला कॉयरमध्ये परत घेतलं, असं समज.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझी
प्रेमा

ता. क. बाबांनी मला कॉन्व्हेंटात घातलं आणि तुला म्युनिसिपालिटीच्या शाळेत, म्हणून सगळं मला येतं असं तू अजून ऐकवतेस. तर आता एक ऐक. आईच्या गोष्टीत गावं तीनच होती ना? मी अकरा केली आहेत. सुट्टी संपायच्या आत कुर्लीबाई पोचवीन असं मी तेरा मुलांना आणि एका सुनेला कबूल करून बसले आहे, या रविवारी. आणि ताई, ती पोचते का हेच मला ठाऊक नाही. मी कधी ऐकलंच नाही, तेव्हा माझा हुंकार तू देत होतीस. गोष्ट शेवटपर्यंत ऐकलेलं जगात आता एकच माणूस उरलं आहे आणि ते मुलुंडला राहतं. लेक वाट बघत होती का? लाडू फुटले का? कुर्लीबाईला उशीर झाला का? मी मनाने रचू शकले असते, अकरा गावं रचलीच की. पण हे एक मला रचायचं नाही. आणि तूही झोपायचीस असं मात्र सांगू नकोस.

ता. क. २. देवेशच्या पिशवीतलं असं वाटून द्यायचं. निळा डबा मेथीच्या लाडवांचा, तो तुझ्या गुडघ्याला. भावोजींना त्यातला एक, तोही तुझ्यासमोर. पेन ड्राइव्हवर अकरा गावं आहेत, ती देवेशच्या लेकीला, अक्षताला, जेवताना लावायला, आणि बटणावर भावोजींना बसवायचं. सुकवलेली सुरमई पार्वतीने तुला भेट दिली आहे. तिला गोष्टीत निदान एकदा चांगली दाखवायची आहे, तर तसं काही बसत असेल तर बघ. पुडीतले तांदूळ तुला, ते आधीच निवडलेले आहेत, तरी सुपात घालून मांडीवर घे. मग देवेशला रेकॉर्डिंगसाठी फोन धरायला सांग आणि शेवट मला पाठव, शनिवारच्या आत, माझ्या एकटीच्या नावावर. मध्ये जागा सोडत सांग. या खेपेला माझा हुंकार मीच देईन.