घोड्याच्या घरातलं प्यादं

तात्या,

इंदापूरच्या त्या बुद्धिबळ स्पर्धेला प्रवेश फी नव्हती. निमंत्रितांची स्पर्धा, जेवणही त्यांचंच, एस.टी.चं तिकीट तुम्ही काढलंत. तरी माझ्या हिशेबानं ती मला महाग पडली. दोन दिवस दुकानाबाहेर राहिलो त्यात कन्हेरीचं एक चांगलं गिऱ्हाईक तुटलं, नवी चप्पल मंगल कार्यालयाच्या दारातून गेली, आणि तुमच्या शेजारचं लाकडी स्टूल गेलं, ज्यावर बसून मी आठ वर्षं लोकांच्या पाण्याच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरल्या. चप्पल पुन्हा घेतली. गिऱ्हाईकही वर्षाभरानं आपल्या पायानं परत आलं.

मी बारामतीत तुमच्याकडं आलो तेव्हा मला तांब्याची तार आणि गवंड्याची दोरी यातला फरक किमतीवरून कळत होता, एवढंच. तुम्ही पहिल्या दिवशी हातात पक्कड दिली नाहीत. दुरुस्तीला आलेली एक मोटार चालू केलीत आणि म्हणालात, "डोळं मीट. काय ऐकू येतंय त्ये सांग." मी म्हणालो, घरघर. "घरघर समद्यांलाच ऐकू येती. तिच्या खाली काय हाय?" तिच्या खाली एक बारीक खरखर होती, आणि ती मला ऐकू आली. त्या दिवसापासून कानावरच जगतोय. आज गिऱ्हाईक मोटारीजवळ फोन धरतं आणि मी इंदापुरात बसून सांगतो, बेअरिंग गेलंय, कॉईलला हात लावू नका.

बुद्धिबळही तुमच्याच दुकानातलं. भरलेल्या मोटारीवर व्हार्निश लावलं की ते वाळेपर्यंत काही करता येत नाही, म्हणून दुपारी काउंटरवर पट मांडला जायचा. तुम्ही पुण्यात नोकरीला असताना स्पर्धेचे नियम शिकून आला होतात, ते मला शिकवलेत. समोरच्याची खेळी आवडली की तुम्ही वर बघायचा नाहीत, शाबास म्हणायचा नाहीत. नाकातून हळू एक "हं" निघायचं, बस. दुसऱ्या कुणाला ते श्वासासारखं वाटलं असतं. आठ वर्षांत ते मला दोनदा मिळालं. दोन्ही खेळ्या आजही मांडून दाखवीन.

मग मोरगावकडचा तो पाव्हणा आला. बोअरची जळलेली मोटार एस.टी.च्या टपावर टाकून आणलेली, कमरेला धोतर, बाप-आज्यांनी मेंढरं राखली, ह्यानं जमीन फोडून विहीर-बोअर केलेली. मोटार संध्याकाळी मिळेल म्हटल्यावर तो काउंटरपाशी उभा राहून तुमचा-माझा डाव बघू लागला. तुम्ही सहज विचारलंत, "खेळतोस व्हय?" तो म्हणाला, "आमी आपलं रानातलं खेळतो, तात्या. तुमचं सायबाचं हाय." त्याचे नियम जुने, देशी. प्यादं सुरुवातीला एकच घर पुढं. राजाला डावात एकदा घोड्याची उडी. आणि प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच मोहरं व्हायचं: हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. तुम्ही म्हणालात, चल, तुझ्या नियमानं.

मी स्टुलावर बसून तार गुंडाळतोय. वेढे मोजतोय. दहा-बारा खेळ्यांनी तो म्हणाला, "तात्या, वजीर बगा." वजीर मारायच्या आधी समोरच्याला सावध करायची त्यांची रीत. तुम्ही वजीर मागं घेतलात. त्यानं उंट असा सरकवला की सावध होऊनही तुमचा वजीर जाणारच होता. आणि मला ते ऐकू आलं. हं. मी वेढे विसरलो, ती कॉईल पुन्हा पहिल्यापासून भरली.

त्यानंतर तो दर बाजारच्या दिवशी यायचा. कधी बाजरीचं बोचकं, कधी शेळीच्या दुधाचा खरवस, कधी काहीच नाही. तुम्ही सकाळपासून रस्त्याकडं बघायचा. मी एकदा म्हणालो, "मोरगावची गाडी लेट दिसतीय." तुम्ही म्हणालात, "तुला कुनी इच्यारलं?" बरोबर होतं. कुणी विचारलं नव्हतं. त्याला माझ्यावर एकही डाव जिंकता आलेला नाही, हे मी पुढं सगळीकडं छाती काढून सांगत आलो, आणि ते खरं आहे.

इंदापूरच्या मंडळींचं पत्र आलं तेव्हा नव्वद सालानंतरची तीन-चार वर्षं उलटली असतील. खेळाच्या ताकदीप्रमाणं अ, ब, क असे गट, आणि गावोगावच्या जाणकारांनी आपल्याकडची नावं कळवायची. तुमच्याकडून दोन मागितली होती, एक अ गटाला, एक ब गटाला. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून लिहायला मी. आठ दिवस मी मनात माझं नाव वळणदार अक्षरात लिहून बघत होतो.

"अ गटात पाव्हण्याचं नाव घाल."

"आणि माझं?"

"तुजं ब."

"आठ वर्षं झाली, तात्या."

"म्हनूनच सांगतोय. तुजा खेळ मला म्हाईत हाय. तू पट बगत न्हाईस, समोरच्याचा श्वास ऐकत बसतोस. ब गटात चालंल त्ये. अ गटातली मानसं आवाज करत न्हाईत."

मी लिहिलं. त्याचं नाव माझ्या अक्षरात. त्या क्षणी राग आला नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. राग आला तो तुमच्या पुढच्या वाक्याला. "आन त्येला स्पर्धेचं नियम तूच शिकीव. तुला सांगाय येतं चांगलं."

शिकवलं. तीन बाजार लागले. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं ते सांगितलं. राजाची उडी बंद, त्याऐवजी हत्तीबरोबर अदलाबदल, ती करून दाखवली. हात लावला त्या मोहऱ्यानंच खेळायचं. घड्याळाचं बटण दाबायचं. तोंडानं काही बोलायचं नाही, वजीर बगा तर मुळीच नाही. तो प्रत्येक गोष्टीला "बरं, मिस्त्री" म्हणायचा. शेवटी म्हणाला, "झालं समदं? का ऱ्हायलंय काय?" एक राहिलं होतं. स्पर्धेत प्यादं कुठल्याही घरात पोचलं तरी त्याचा वजीर करता येतो. ते माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "झालं की."

इंदापूरच्या मंगल कार्यालयात अ गटाची टेबलं स्टेजजवळ पंख्याखाली, ब मधोमध, क दारापाशी चपलांच्या ढिगाजवळ. माझ्यासमोर बावड्याचे एक खतवाले, हार दिसायला लागली की बोटं मोडणारे. त्यांच्या बोटांवर मी तो डाव जिंकला. तुम्ही हात पाठीमागं बांधून सगळीकडं फिरत होतात; माझ्या टेबलाजवळ आलात, उभे राहिलात, गेलात. पाव्हण्याच्या टेबलाजवळ गेलात ते तिथंच राहिलात. दोन दिवसांत तिथून ते "हं" मला चार वेळा ऐकू आलं. एवढा मोठा हॉल, वीसेक घड्याळांची टिकटिक, वर पंखे. तरी चार.

शेवटच्या फेरीत त्याच्यासमोर चष्मेवाले बँकेतले साहेब होते. हा डाव मारला की अ गटात पहिला, असं सगळे कुजबुजत होते. माझा डाव संपलेला, मी मागं जाऊन उभा राहिलो. त्याचं प्यादं एकेक घर चढत घोड्याच्या घरात पोचलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याचं प्यादं शेवटच्या ओळीला लागत होतं. बाजूला मेलेला वजीर पडला होता आणि घोडा पडला होता. त्यानं शांतपणे घोडा उचलला. साहेबांनी चष्मा सारखा करून पंचांकडं पाहिलं. पंच म्हणाले, "चालतं. त्यांची इच्छा." वजीर घेतला असता तर तीन खेळ्यांत मात होती, हे मलासुद्धा दिसत होतं. घोड्यानं काही होईना. डाव बरोबरीत सुटला, तो तिसरा आला. तुमच्याकडून कसलाच आवाज आला नाही.

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी तुम्ही त्याला गाठलंत. मी दोन हातांवर. "वजीर का न्हाई केलास? प्यादं कशाचंबी हुतं म्हनून ह्यानं सांगितलं न्हवतं तुला?" मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, ते अजून मला ठरवता येत नाही. तेवढ्यात तोच म्हणाला, "सांगितलं हुतं की, तात्या. हाताला जुनी सवं. घोडा उचलला गेला." आणि ओंजळीनं पाणी प्याला.

तात्या, तुम्ही त्याच्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलंत. मी तोवर पुष्कळ गोष्टींसाठी त्याच्यावर जळलो होतो. तुमच्या शेजारी बसतो म्हणून, तुमचं "हं" घेतो म्हणून. त्या टाकीपाशी जळलो ते असं खोटं मला बोलता आलं नसतं म्हणून. परतीच्या गाडीत तुम्ही दोघं एका बाकावर, मी मागच्या. चार महिन्यांत मी इंदापुरात वेगळं दुकान टाकलं. निघताना तुम्ही तुमची जुनी पक्कड दिलीत आणि म्हणालात, "कान संबाळ." तुम्हाला कळलं होतं का, हे विचारायला मी दोनदा बारामतीला आलो आणि चहा पिऊन परत गेलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा तुम्हाला खांद्यावर घेतलं होतं, आणि दुसऱ्या बाजूला खांदा त्याचा होता.

तो अजून आहे. सत्तरीपुढचा. बारामतीत एवढी दुकानं असताना मोटार माझ्याकडंच आणतो, आणि मी पैसेही इतरांसारखेच घेतो. परवा आला होता. व्हार्निश वाळत घातलं, तर म्हणतो, "मिस्त्री, एक डाव टाकू का?" मी म्हणालो, गिऱ्हाईक बसलंय. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. त्यालाही दिसत होतं. "बरं," म्हणाला आणि बाकावर बसून राहिला. तो गेल्यावर हे लिहायला घेतलं. कुठं टाकायचं नाही, म्हणून पाकीट आणलेलं नाही.

त्याला माझ्यावर एकही डाव जिंकता आलेला नाही. मी त्याच्याशी कधी खेळायला बसलोच नाही.