पाहुण्याने चमचा खाली ठेवला

प्रिय पिटुकले,

‘प्रिय’ हा शब्द हाताच्या सवयीने पडला, त्याने हुरळून जाऊ नकोस. मी अजून चिडलेलोच आहे. फोनवर मी ओरडतो, मग तू रडतेस आणि तुझी आई मध्ये पडून फोन बंद करते, म्हणून हे पत्र. कागदावर तरी मला कुणी मध्येच तोडणार नाही.

आधी त्या जेवणाचं बोलू. तू म्हणालीस, बाबा, तो येतोय, साधंच काहीतरी करा. साधं का म्हणून? पोरगी पहिल्यांदा कुणाला तरी घरी आणतेय, आणि मी त्याच्यापुढे उकडलेले बटाटे ठेवू? लाल भोपळ्याचं झाकण कापायचं, आतून कोरायचा, त्यात तांदूळ, अळंबी, लालसर परतलेला कांदा आणि किसलेली संत्र्याची साल भरून अख्खाच्या अख्खा ओव्हनमध्ये भाजायचा, ही कल्पना कुठल्या पुस्तकातली नव्हती, माझ्या डोक्यातली होती. आधी दोनदा करून पाहिला. दोन्ही वेळा तुझ्या आईने डोळे मिटून ‘अप्रतिम’ म्हटलं. डोळे का मिटले होते ते आता कळलं.

तापातून उठल्यापासून माझ्या जिभेला काही कळत नाही, हे मी तुमच्यापासून लपवलं नव्हतं. कापूस चघळल्यासारखं लागतं, असं मीच तुम्हा दोघींना सांगितलं होतं. तेव्हा तू काय म्हणालीस? जीभ गेली तर जाऊ दे बाबा, तुमचा हात शाबूत आहे, आजची भाजी काय फक्कड झालीये! त्या एका वाक्यावर मी विसंबलो. यापुढे माझी जीभ म्हणजे तुम्ही दोघी, असं धरून चाललो. पातेल्यात काय पडतंय ते मला कळत नव्हतं, म्हणून तुमचे चेहरे बघत होतो. आणि तुम्ही खोटे चेहरे करत होतात!

अगं, मी आयुष्यभर शिवणकाम केलं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहायचं, हात वर करायचं आणि तोंडावर सांगायचं, मास्तर, काखेत घट्ट होतंय. राग यायचा, पण उसवायचो आणि परत शिवायचो. माझी कीव येऊन घट्ट कोट घालून कुणी लग्नाला गेलं नाही. म्हणून तर दुकान चाललं.

आता तुझा तो लिफ्ट दुरुस्त करणारा. आला, बूट नीट कोपऱ्यात काढले, तुझ्या आईला फुलं दिली, इथवर ठीक. भोपळा कापला, वाफ निघाली, मी ऐटीत वाढलं. त्याने पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला, पाणी प्यायला आणि म्हणाला, काका, भात एकदम मोकळा झालाय, पण मीठ बहुतेक दोनदा पडलंय, आणि साल आतल्या पांढऱ्या भागासकट किसली गेलीये, कडू लागतंय. बंद पडलेल्या लिफ्टबद्दल बोलावं इतक्या सरळ आवाजात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, हा कोण टिकोजीराव? तेवढ्यात तू टेबलाखालून त्याला लाथ मारलीस. नेम चुकला, मला लागली. तुझी आई घाईघाईने म्हणाली, छे हो, छानच झालंय की! तिच्या ताटातला भात जागचा हलला नव्हता. तुम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलंत, आणि चोरी पकडली गेल्यावर जसं तोंड होतं तशी तुमची तोंडं झाली. तेव्हा मी उठून गेलो तो त्याच्यावर रागावून नाही. मला तुमच्यासमोर बसवेना.

दुसऱ्या दिवशी तुझ्या आईने सगळं ओकून टाकलं. माझी पाठ वळली की ती भाजी नळाखाली धरायची. मी आंघोळीला गेलो की आमटी बेसिनमध्ये जायची आणि ती पाव-लोणी खायची. तू आलीस की दोघी भाजी आणायच्या निमित्ताने कोपऱ्यावरच्या खानावळीत बसायचात. महिनोन्‌महिने! आणि मी येडा रोज सकाळी विचारायचो, आज काय करू?

का केलंत तेही तिने सांगितलं. डोळ्यांपायी दुकान बंद केलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो होतो, स्वयंपाकाला लागलो तेव्हाच उठलो. आता स्वयंपाकघरही सुटलं तर हा माणूस परत उठायचा नाही, अशी तुम्हाला भीती वाटली. कळतं मला. दगड नाही मी. पण पोरी, जीभ गेली त्याचं मला इतकं दुःख झालं नव्हतं. ती तापाने नेली, त्याला कुणाचा इलाज नाही. तुमच्यावरचा भरवसा मात्र तुम्ही स्वतःच्या हाताने बेसिनमध्ये ओतलात. आता तू ‘स्वेटर छान दिसतो बाबा’ म्हणालीस तरी मी आरशात बघणार.

आणि हे सगळं कमी होतं म्हणून काल तुझ्या आईकडून कळलं की तू त्या मुलाशी बोलणं टाकलंस. बाबांचा अपमान केला म्हणे! माझा अपमान त्याने केला? या घरात त्या दिवशी मला धडधाकट माणूस समजणारा तेवढा एकच होता. माझ्या नावावर त्याला सोडायचं असेल तर माझं नाव वापरू नकोस. तुझी स्वतःची कारणं असतील तर ती त्याला तोंडावर सांग. मी त्याला आज फोन केला. म्हणाला, काका, परत भोपळा असेल तर मीठ मी घालतो. रविवारी दुपारी येतोय. मी ढवळणार, तो चाखणार, आणि होईपर्यंत परत परत करणार. तुझ्या आईला सांगितलंय, यावेळी ‘अप्रतिम’ म्हणायचं नाही. तुलाही यायचं असेल तर भुकेली ये, आणि घास घशाखाली उतरला नाही तर सगळ्यांसमोर थुंकून टाक. मी चिडेन, आदळआपट करेन, पण तुझ्यासमोरच बसून राहीन.

अजून धुमसत असलेला, तरीही तुझाच,
बाबा